रागाचा हात

आलापल्ली, ता. ३ फेब्रुवारी १९५६

मनकर्णा, तू अन् आपली चंदा सुखरूप असाल, असं धरून लिहून राह्यलो.

चार दिवस तापानं खाटेवर होतो. आता बरा आहो, म्हणूनच सांगतो. घोर करू नको.

इथी बुधरी नावाची गोंड म्हातारी आहे. ती नुसता हात ठेवते अन् दुखणं उतरते, म्हणतात. तिले बोलावलं. दारात येऊन मले पाहिलं अन् म्हणाली, "तू माही कुऱ्हाड नेली. आज हातात राग आहे. असा हात बिमारावर ठेवत नाई."

खरंच होतं. मागल्या हप्त्यात जंगल गार्ड म्हणून मीच तिची कुऱ्हाड जप्त केली होती.

पण ती घरी गेली नाई. दिवसभर नाल्याकाठी एकटीच बसून राह्यली. दिवस बुडताना आली, "राग उतरला" म्हणाली, अन् माह्या कपाळावर हात ठेवला. कुऱ्हाडीचं नावही काढलं नाई. ताप कशानं गेला, देव जाणे, पण मी लेकरासारखा रडलो. कुऱ्हाड मी स्वतः नेऊन दिली.

घरून निघताना तुह्याशी भांडून, तशाच रागाच्या हातानं मी चंदाच्या डोक्यावरून हात फिरवला होता. पोरगी दचकली होती. आता माह्यं नाव काढते का?

होळीले येतो. आल्या आल्या तिले माह्याजवळ पाठवू नको. थोडा वेळ ओसरीवर बसू दे मले.

तुहा,
लटारू