तरंगलेला थेंब

२६ जानेवारी २०२५
लोणखेड्यात आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर. अध्यक्ष मी, म्हणून पहिला मान माझा. बोट टोचलं, थेंब निळ्या पाण्यात सोडला. वर तरंगला! मी हात उंचावला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लॅबवाल्या बाई म्हणाल्या, बुडायला हवा होता. रक्तात लोह कमी, तुमचं रक्त घेता येणार नाही. भाईदासचा अध्यक्षपदावर डोळा. सगळ्यांसमोर विचारतो, "अध्यक्ष, तुम्हनं रगत कोठे गयं?"
नंतरचं वरण आणि तुपातली गव्हाची बट्टी फक्त रक्तदात्यांना. नियम मीच केलेला. घरी येऊन जेवलो.
संकल्प : पुढच्या वर्षी पहिली पिशवी माझीच.

२ फेब्रुवारी
हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जोडीला माझे उपाय : गव्हांकुरांचा रस, घरच्या गव्हाचा शिरा, लोखंडी तव्यावरच्या पोळ्या. बायको, चेतना, स्वतः दादर ज्वारीची भाकर खाते. म्हटलं, रक्त कसं बनतं ते बघत राहा.

१८ जून
आठच. मेडिकलवाला दगाबाज निघाला. दुकान बदललं. पोट फुगतं तेही त्याच्याच गोळ्यांनी.

४ सप्टेंबर
शहाद्याच्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली. आजार सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजलंय, म्हणून गोळ्यांतलं लोह अंगी लागत नाही. गहू जन्मभर बंद.
ज्या गव्हाला मी थंडीत कुडकुडत पाणी दिलं, त्यानेच आतून घर पोखरलं! रडू आलं. सख्खा भाऊ फिरला असता तरी एवढं लागलं नसतं.

५ सप्टेंबर
गहू बंद म्हणजे बंद. पोळीकडे बघणारसुद्धा नाही.
टोस्ट चालतो, तो मैद्याचा. शिरा रव्याचा. शेवया म्हणजे शेवया, त्यात गहू कुठे दिसतो?

१२ नोव्हेंबर
साडेआठ. भाकरीवर असून! चेतना भाकरीत गव्हाचं पीठ मिसळत असणार. तोंडावर विचारलं. तिने कपाळाला हात लावला. "काल तुम्हना दोस्त ईश्वरना घर बट्टी खादी, ती कशानी व्हती?"
समजावून सांगितलं, बट्टी निखाऱ्यावर भाजतात, मग तळतात. ग्लुटेन जळून जातं. ऐकेल तर ना! घरातच फितुरी.

२५ जानेवारी २०२६
उद्या शिबिर. अंगात ताकद आहे. गच्चीवर जाताना दम लागतो, पण त्या पायऱ्या गवंड्यानेच उंच बांधल्यात. त्यानेही फसवलं.
भाषण पाठ.

२६ जानेवारी, संध्याकाळ
थेंब तरंगला.
भाईदासने खुर्ची पुढे सरकवली, बसा म्हणाला. ते जास्त लागलं.
मग रांगेतून चेतना पुढे आली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. तिचा थेंब सरळ तळाला गेला. पहिली पिशवी तिची. प्रमाणपत्र द्यायला अध्यक्ष म्हणून मलाच बोलावलं. फोटो निघाला. सात महिने मी लोखंडी तव्यावरच्या पोळ्या खाऊन ही गत, आणि ही भाकरीवर! हिने तर कहरच केला.
दात्यांची पंगत बसली. नियम माझा, त्यामुळे मी बाहेर खुर्चीवर. आत जाण्याआधी चेतनाने पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "पहिले बरा व्हा. मंग भांडा." मी म्हटलं, देवाशपथ, आजपासून गहू बंद.
भाकर चांगली होती. पण आतल्या पंगतीतून तुपाचा वास येत होता. वाढपी ओळखीचा. अर्धी बट्टी आणून दिली त्याने, पानाखाली झाकून. अर्धीने काय होतंय? तोंडात टाकली.
कुणाचं लक्ष नव्हतं. चेतनाचं होतं.
ती भरल्या ताटावरून उठली आणि एकटी घरी गेली. फडकं धुऊन दिलं तिला आत्ता. घेतलं, आणि माझ्याकडे पाठ करून वाळत घातलं.