बिनठिपक्याचा बत्तीस

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू पाकीट फोडलंस, त्याबद्दल आभार. दहा महिन्यांत मी तुला तीन फोन केले आणि तिन्हींत फक्त हवेबद्दल बोललो. आता चक्क पत्र आलंय म्हणजे घरात काहीतरी पेटलं असणार, असं तुला वाटेल. पेटलं नाही. थोडक्यात राहिलं.

काल तुझ्या हाताखाली शिकलेला टकलू वायरमन आला होता. तोच, ज्याने पहिल्याच दिवशी अंगठी घालून बोर्डात हात घातला म्हणून तू त्याला रडेपर्यंत झापलं होतंस. आता त्याच्या बोटात अंगठी नाही आणि डोक्यावर केस नाहीत. दोन्हीचं श्रेय तो तुलाच देतो. आईच्या पलंगामागचा प्लग दुसऱ्यांदा करपला, म्हणून त्याला बोलावलं. सकाळी आई विचारत होती, कोण मेलं प्लास्टिक तळतंय?

त्याने आधी टेस्टर एका चालू प्लगमध्ये घालून बघितला. मेलेला टेस्टरसुद्धा 'वीज नाही' असंच सांगतो, म्हणाला. (सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्या त्या मेलेल्या टेस्टरबद्दल मला उगाच आपुलकी वाटली.) मग मेन पाडला, झाकण काढलं, पुन्हा टेस्टर लावला. मेन पाडला तरी मेनमध्ये येणाऱ्या तारा जिवंतच असतात, तिकडे बोट न्यायचं नाही, असं मला बजावलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. कुणाच्या कामात ढवळाढवळ न करण्याची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

आत एमसीबींची, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची रांग, आणि त्यात आईच्या खोलीचा बत्तीस अँपिअरचा. तार मात्र सोळापुरतीच. तुला हे सांगायला नकोच, पण मला ते काल, या वयात कळलं: एमसीबी हीटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. तारेला सोसेनासं व्हायच्या आत त्याने पडायचं. पडतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, आणि न पडणारा बसवला की तार भिंतीच्या आत मुकाट्याने तापत राहते.

हे कुणाचं काम, असं त्याने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तब्येत विचारल्यावर तोंडातून 'मजेत' निघतं ना, तसं निघालं. तो वाद घालत बसला नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक स्क्रू दाखवत गेला. प्रत्येकावर लाल ठिपका होता, नेलपॉलिशचा. बाई स्क्रू आवळतात, तार ओढून बघतात आणि मगच ठिपका काढतात, म्हणाला. (ही कधी नटत नाही, मग बाटल्या संपतात कुठे, असा प्रश्न आम्हाला वर्षानुवर्षं पडायचा.) बत्तीसच्या स्क्रूवर ठिपका नव्हता. आणि स्क्रू इतका ढिला की हलक्या हाताने फिरला.

ताई, तो बत्तीस मी बसवला होता. हीटर आणि इस्त्री एकदम लावली की सोळाचा पडायचा, आणि दर वेळी उठून तो वर करायचा मला कंटाळा यायचा. दुकानदार म्हणाला, मोठा टाका, कटकट मिटेल. मिटली. त्याच आठवड्यात तू आईचा पंखा दुरुस्त करून गेली होतीस. पुढे प्लग पहिल्यांदा काळा पडला आणि आईने विचारलं, बोर्डाला हात कुणी लावला होता? तुझं नाव माझ्या जिभेवर तयारच होतं. आईने तुला फोन करून एवढंच सुनावलं, माझ्या खोलीत तरी नीट काम करायचं होतंस, आणि फोन आपटला. काय झालं ते विचारायला तू परत फोन केलास, तो मी उचलला. आईचा मूड नाही, म्हणालो. तीस वर्षं अख्खी वस्ती तुझ्या भरवशावर दिवे लावतेय, आणि सख्ख्या आईच्या लेखी तू कामचुकार ठरलीस. त्यानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस.

काल ते ठिपके बघून मी आईला हाक मारली आणि वायरमनसमोरच सगळं सांगितलं. तो बिचारा पिशवीत नसलेलं काहीतरी शोधायला लागला. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा लावला, मला टॉर्च धरायला लावली आणि लांबूनच ठिपके मोजले. म्हणाली, अकरा. आणि एक तू.

ताईला फोन लावू का, असं विचारलं तर म्हणाली, फोनवर तू सफाईने खोटं बोलतोस. कागद घे, लिहिताना तुझी फे फे उडते. म्हणून हे पत्र. करपलेली तार आणि प्लग बदललाय, नवा सोळाचा बसलाय, स्क्रू आवळून तार ओढूनही बघितलीय. पण ठिपका काढायला वायरमन तयार नाही. तो बाईंचा, म्हणाला. आईने मला नेलपॉलिश आणायला पिटाळलं. दुकानातल्या मुलीने कुठला लाल असं विचारलं, तेव्हा माझी जी शोभा झाली ती भेटीत सांगेन. बाटली बोर्डावर ठेवलीय. तू येऊन ठिपका काढेपर्यंत आई तो एमसीबी वर करू देत नाही. बाकी घरात उजेड आहे. तिच्या खोलीत हीटर बंद आहे, थंडी मरणाची पडलीय, आणि ती दोन गोधड्या घेऊन दाराकडे तोंड करून बसलीय.

तुझाच,
बिनठिपक्याचा धाकटा