शिफारसपत्रातली मुलगी

८ जुलै
डीन हॅडली मॅडम आज म्हणाल्या, "फॅमिली मेडिसिन घे ना, मॅरेन. आपल्या भागाला गरज आहे." मी म्हटलं, मला कान-नाक-घसाच करायचंय. तर म्हणे, "अगं, पण आपल्या कॉलेजात तो विभागच नाही." जसा काही मीच तो बंद पाडला! चार वर्षांपूर्वी प्रवेश देताना मात्र हे कुणी बोललं नव्हतं.

९ जुलै
रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या विशेष प्रशिक्षणाच्या, अर्जाला त्या विषयाच्या विभागप्रमुखाचं शिफारसपत्र लागतं. विभागच नाही तर प्रमुख आणू कुठून?
गावात त्या विषयाचे एकटे डॉ. लिंडाल. खासगी दवाखाना, सत्तरी उलटलेली. गेल्या वर्षी त्यांनी स्वरयंत्र काढलेल्या एका माणसाला गळ्यात छोटी झडप बसवून बोलतं केलं. तो पहिलं वाक्य बोलला ते नर्सला— "ही खोली फार गार आहे." त्याच दिवशी माझं ठरलं.
लिंडाल म्हणाले, "पत्र देतो गं, पण मला ओळखतंय कोण? एखाद्या मोठ्या ठिकाणी महिनाभर राबून ये. तिथल्या प्रमुखाचं पत्र आण."

४ ऑगस्ट
ओकहर्स्ट हॉस्पिटल. बाहेरून आलेल्या आम्ही दोघीच. मी आणि टेस कोवालिक. तिच्याही कॉलेजात विभाग नाही. दोघी उंच, दोघींच्या सोनेरी वेण्या. मास्क लावला की जुळ्याच. तळघरातली एक खोली दोघींत घेतलीय. टेस कॉलेजच्या आईस हॉकी संघात गोलकीपर होती. म्हणते, "मला सवय आहे. सगळे खेळतात, मी एका जागी उभी."

१९ ऑगस्ट
पंधरा दिवस झाले. पहाटे साडेचारला हजर. रुग्णांच्या पट्ट्या बदलायच्या, ऑपरेशनला तासन् तास जखमेची कड ओढून धरायची. विभागप्रमुख डॉ. व्हॅन्स त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना नावानं हाक मारतात, घरी जेवायला बोलावतात. मला आज तिसऱ्यांदा विचारलं, "तू कुठली?"
मी सांगितलं— कोठारात वाढले, डॅड गव्हाचं कोठार सांभाळतात. ते हसले. "म्हणजे गव्हातली मुलगी!" चला, नाव नाही तर गहू तरी लक्षात राहील.

३० ऑगस्ट
शेवटचा दिवस. व्हॅन्स म्हणाले, "पत्र दोघींनाही देतो. उत्तम देतो." टेसनं बाहेर येऊन मला उचललंच.

२६ सप्टेंबर
अर्ज गेला. ऐंशी ठिकाणी. पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही— दिसलं तर म्हणे त्याला किंमत राहत नाही.

१२ नोव्हेंबर
ऐंशीतून मुलाखतीची बोलावणी चार. लिंडाल म्हणाले, "शिकायचं एकाच ठिकाणी आहे ना?" मी त्यांच्याकडे बघून हसले. बाहेर गाडीत बसून रडले.

९ डिसेंबर
दुसरी मुलाखत. पडद्यावर एक डॉक्टरबाई. छान हसून म्हणाल्या, "गोलकीपर होतीस, नाही का? ऑपरेशन थिएटरमध्ये उपयोग होत असेल."
मी म्हणाले, ती मी नाही.
त्यांनी खाली कागद पाहिला. वर मला पाहिलं. "डॉ. व्हॅन्सच्या पत्रात तर तसं लिहिलंय."
उरलेली दहा मिनिटं फार सभ्यपणे गेली. कुणी मेल्यावर बोलतात तशी.

१० डिसेंबर
महिनाभर त्या माणसाच्या हाताखाली उभी राहिले, आणि त्यानं दुसऱ्याच मुलीचं वर्णन करून वर माझं नाव टाकलं! व्हॅन्सच्या सेक्रेटरीला फोन केला. "पत्रं गोपनीय असतात, बाई." हॅडली मॅडमना केला. "आता ताणू नकोस. उगाच नाव खराब होईल."
कुणाचं नाव? माझं तर कुणाला माहीतच नाही.

१२ डिसेंबर
सहा तास गाडी चालवत ओकहर्स्टला गेले. रस्ताभर बर्फ उडत होतं. व्हॅन्स ऑपरेशन संपवून बाहेर आले, तशी समोर जाऊन उभी राहिले. मास्क न लावता. ओळखलं नाही.
खोलीत नेलं. फाईल उघडून बराच वेळ वाचत बसले. "तुम्ही दोघी एकाच महिन्यात होतात."
"होतो."
"आमच्या मुलांच्या बाबतीत असं होत नाही."
"कारण ती तुमची आहेत," मी म्हटलं. आवाज चढला होता. चढू दे.
माफी मागितली नाही. पण माझ्यासमोरच नवं पत्र लिहवून घेतलं. माझं आडनाव टॉलेफसन— एकेक अक्षर मी सांगितलं. चारही ठिकाणी स्वतः फोन करतो म्हणाले. परत निघाले तेव्हा मान ताठ होती.

१३ डिसेंबर
डॅडनी सूप केलं होतं. "मग, जिंकलीस?" म्हटलं, हो.
टेसचा मेसेज— "तुझं कसं चाललंय?" उत्तर पाठवलं— "ठीक."

२० जानेवारी
शेवटची मुलाखत. गव्हाच्या कोठारावर पाच मिनिटं गप्पा. शेवटी एकदाची मीच बसले होते त्या खुर्चीत.

१७ मार्च
देशभरच्या वाटपात मला जागा मिळाली. कुठे ते शुक्रवारी कळेल.

२१ मार्च
लिफाफा उघडला. डिसेंबरातल्या त्या डॉक्टरबाईंचंच हॉस्पिटल! लिंडाल दोन वेळा "बरं झालं" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.
हॅडली मॅडमनी गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. कॉलेजच्या पानावर टाकणार— "आमची मॅरेन." आमची! जुलैत कुठे होती ही आमची?

२२ मार्च
टेसचा फोन. तिला कुठेच जागा मिळाली नाही. आधी माझं अभिनंदन केलं, मनापासून. मग म्हणाली, "गंमत सांगू? तीन ठिकाणी मला विचारलं, वडिलांचं गव्हाचं कोठार कसं चाललंय. माझे वडील प्लंबर. मी आपली हसले. त्यांना वाटलं, मीच काहीतरी लपवतेय."
बारा डिसेंबरला एक गोष्ट मी इथे लिहिली नव्हती. मी दारापर्यंत गेले तेव्हा व्हॅन्स म्हणाले होते, "मग त्या दुसरीचंही पत्र बदलायला हवं. तिला मला फोन करायला सांगशील?"
मी हो म्हणाले होते.