तीन गुणांची तीट

वाटूर,
ता. ४ मे २०२५

चि. तृप्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या घरचा दंडक तुला ठाऊक आहे. भांडायचं तर कागदावर, फोनवर न्हाई, असं बापू म्हणायचे. बापू गेले, दंडक राहिला. म्हणून तुझे फोन उचलले नाहीत आणि आज आईकडून कोरे कागद मागून बसलो आहे.

काल क्लबाची मेल आली. माझा करार मेअखेर संपतो, पुढं वाढवणार नाहीत. कारण दिलंय की माझ्या खेळाडू-निवडीवर भरवसा ठेवता येत नाही. मी सुचवलेल्या जाफराबादच्या संघपालचं नावही खेळाडूंच्या यादीतून उडालं. असा डाव्या पायाचा पोरगा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मेलवर सही नव्या संचालक आकांक्षा मॅडमची, आणि खाली विश्लेषणप्रमुख म्हणून नाव कोणाचं, तर माझ्या धाकट्या बहिणीचं.

जुन्या संचालकांना, राधेश्यामजींना निरोप दिला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तुमच्या ऑफिसात एक खुर्ची हलली की सगळ्या हलतात. आधी ते गेले, मग त्यांनी आणलेले कोच, मग फिजिओ. नव्या मॅडमना पहिल्याच महिन्यात तू सापडलीस, आणि तुला सापडलो मी.

खरं लिहू? जळतोय मी. इतकी वर्षं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये अर्धा बाहेर लटकून परतूर, जाफराबाद, पार हिंगोलीपर्यंत फुटबॉलची मैदानं धुंडाळली. स्काउट म्हणजे खेळाडू हेरणारा, हे सोयरीक जुळवणाऱ्यांनाही समजावून थकलो. ओसरीवर चिंचोके मांडून तुला ऑफसाइड शिकवली ती मी. आता मलाच मैदानाबाहेर काढतेस, तेही एसीत बसून.

परवा परतूरला लग्नात अण्णासाहेब मामांनी हात धरून विचारलं की तृप्ती सध्या काय करून राह्यली. मी काय करतो हे कोणी विचारलं नाही. आई पंगतीत सांगत होती की आमची तृप्ती म्हंजे साऱ्या क्लबाचं डोकं हाय, आन् ह्यो उन्हात पोरांमागं फिरतो, अजून अक्कल आली न्हाई. लोक हसले. मीही हसलो, आणि पानातली बुंदी तशीच ठेवून उठलो.

लोभ असावा असं लिहायची चाल आहे. तो किती उरलाय ते तूच तुझ्या यंत्रावर मोजून कळव.

तुझा दादा,
अंगद

•

पुणे,
ता. ९ मे २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कागदाला पेन आरपार गेलंय, म्हणजे दातओठ खाऊन लिहिलंयस. आईला सांग, पुढच्या खेपेला याला पेन्सिल दे.

लपवाछपवी करत नाही. स्काउटांची क्रमवारी मीच लावली. मॅडमनी सगळ्या स्काउटांचे जुने अहवाल माझ्यापुढं टाकले आणि विचारलं की कोणाच्या शब्दावर विसंबायचं. प्रत्येकानं पोरांना दिलेले गुण मी एका बाजूला मांडले, आणि ती पोरं पुढं खरोखर कशी खेळली ते दुसऱ्या बाजूला. नावं झाकून ठेवली होती. उघडली तेव्हा सगळ्यांत खाली तू होतास. मी पुन्हा करून पाहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि जसं होतं तसंच पाठवलं. भाऊ म्हणून तुला वर सरकवलं असतं, तर तूच मला दारात उभं केलं नसतंस.

संघपालचंही तसंच. 'धीर' या रकान्यात त्याला दहापैकी तीन तूच दिलेस. शेराही तुझाच: मोठ्या सामन्यात पाय लटपटतात. तेवढं वाचून मॅडमनी रेघ मारली.

पण एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. वेग, पास, चेंडूवरचा ताबा, या तुझ्या रकान्यांत बोट ठेवायला जागा नाही. चुकतो तो फक्त धीर, आणि तोही जी पोरं पुढं सगळ्यांत चांगली निघाली त्यांचाच. त्यामुळं तुझे चांगले खेळाडू खाली जातात आणि बेताचे वर येतात. चुकणारा माणूस असा शिस्तीत चुकत नाही, दादा. संघपालच्या फायनलचं चित्रण मी पाहिलं. सामना हातातून चालला होता, बाकीचे माना खाली घालून उभे होते, आणि हा पेनल्टी मारायला आपण होऊन पुढं आला. बुटाची नाडी निवांत बांधली आणि मारली. पाय कुठं लटपटले? तू असं का लिहिलंस?

आणि जळण्याचं म्हणशील तर, संघात आलेलं प्रत्येक पोरगं पहिला पगार झाला की तुझ्या पाया पडायला वाटूरला येतं. मला जिन्यात भेटलं तर विचारतं, मॅडम, प्रवासाची बिलं तुमच्याकडंच द्यायची का?

रागाला वाट करून दिलीस, आता थोडी मायेलाही दे, ही विनंती.

तुझी,
तृप्ती

•

वाटूर,
ता. १४ मे २०२५

चि. तृप्तीस,
अ. उ. आ.

हुशार आहेस, पकडलंस. ती तीट आहे. लहान पोराच्या गालाला काजळाचा टिपका लावतात ना, तीच.

परतूरचा वसंता तुला आठवत असेल, कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर खेळायचा. त्याच्याबद्दल मी एकही उणं न काढता, अगदी मनापासून लिहिलं होतं. त्याच आठवड्यात त्याचा गुडघा गेला. आता वाटूर फाट्यावर टायरच्या दुकानात बसतो. मी दिसलो की हसून हात करतो, ते मला सोसत नाही. तेव्हापासून जो पोरगा मनात भरतो त्याच्या अहवालात मी एक खोट घालतोच. जो ठीकठाक वाटतो त्याला बेधडक नऊ देतो. त्याला कोणाची नजर लागणार!

राधेश्यामजींना हे मी कधी सांगितलं नाही, त्यांनी आपसूक ओळखलं. माझा अहवाल आला की आधी धीराचा रकाना बघायचे. तिथं तीन-चार दिसले की लगेच फोन करून विचारायचे की मुलाला कधी पाठवतोस, जल्दी पाठव. आमचं बराबर चाललं होतं. ते गेले आणि ही खूण कोणाला सांगून गेले नाहीत. सांगणार तरी कोणाला, त्यांच्या मागोमाग अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

आता तू म्हणशील, नवा अहवाल लिहून दे. देणार नाही. तुझ्या आलेखाला दृष्ट लागत नाही, हाडामांसाच्या पोराला लागते. करार गेला तर जाऊ दे, कापसाच्या खरेदीवर जाऊन बसेन. नाव तुझं झालं, कौतुक तुझं झालं, आता नोकरीही तुझ्याच मेहेरबानीनं टिकवू का? तेवढा लाचार मी झालेलो नाही.

तुझी तब्येत जप. लोभाचं काय ते तू जाणतेस.

अंगद

•

पुणे,
ता. १८ मे २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा संताप आला. काजळाचा टिपका लावता लावता तू एका पोराचं तोंडच काळं केलंस. वसंताचा गुडघा तुझ्या कौतुकानं गेला नाही. जिनिंगमागच्या त्या खड्ड्यांच्या मैदानानं गेला, आणि हे तुलाही माहीत आहे.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की तुमच्या दादांनी स्वतःच्या सहीनं सरळ अहवाल दिला, तर संघपालचं आणि त्यांचं, दोन्ही पुन्हा बघू. पंचवीस तारखेपर्यंत. हेही म्हणाल्या की माणसाची नजर कितीही चांगली असो, तो खरं लिहीत नसेल तर क्लबाला तिचा काय उपयोग? मला ते पटलं. तुला राग आला तरी चालेल. तुझ्या वतीनं मी आकडा बदलणार नाही, तो तुलाच बदलावा लागेल.

आता दुसरं. हे लिहू की नको, असा विचार करत दोन कागद फाडले.

आईला आठव. तू दहावीला शाळेत पहिला आलास तेव्हा ती शेजाऱ्यांना म्हणाली की मार्क पडले खरे, पण अक्षर बघा, कोंबडीचे पाय. तू जिल्ह्याच्या संघात गेलास तेव्हा म्हणाली की पाय बघा नुसत्या काटक्या. आणि मी धावण्यात शेवटून पहिली आले तरी साऱ्या गल्लीत सांगायची की माझ्या तृप्तीसारखी पोर न्हाई कुठं. मी किती फुगायचे! तुझ्याकडं बघून नाक उडवायचे.

तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीनच सरकली. ज्याची धास्ती, त्यालाच ती नावं ठेवायची. तुला दृष्ट लागेल म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. माझं मात्र चारचौघांत खुशाल कौतुक करायची, कारण मला काही होईल अशी भीती तिला कधी वाटलीच नाही. मी तिच्या अहवालातली नऊ गुणांची पोर, दादा. ठीकठाक वाटणारी.

तू लिहितोस की तू जळतोस. इतकी शिकलेली मी, दृष्टबिष्ट न मानणारी, इथं बसून तुझ्या वाट्याच्या बोलण्यांवर जळतेय. तुझ्यासारखं मलाही कोणी नावं ठेवायला हवी होती.

अहवालाची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तृप्ती

•

वाटूर,
ता. २३ मे २०२५

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

तू माझ्यावर जळतेस हे वाचून आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

काल जाफराबादला संघपालच्या घरी गेलो. त्याची आई ज्योत्स्नाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. नाव का उडालं ते त्यांना खरंखरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की सर, आमच्या घरात दृष्ट, उतारा असलं काही न्हाई, माझ्या सासऱ्यांपासूनच बंद हाय. भीती तुमची आन् भोगून राह्यला माझा लेक, हे बराबर हाय का? आवाजसुद्धा चढवला नाही. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्याच टेबलावर बसून अहवाल लिहिला. धीर, दहापैकी नऊ. सही करायला पेन टेकवलं आणि दोनदा उचललं. संघपालच म्हणाला की सर, घाबरू नका, मी हाय ना! त्या पोराला मी धीराला तीन दिले होते. अहवाल मेलनं पाठवला आहे. हे पत्र पोचेपर्यंत तू तो मॅडमना दिला असशीलच. माझं काय व्हायचं ते होईल.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. चिडू नकोस, माझ्या एकट्याच्यानं ते पेलवेना. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली की कागद ठेव तिथंच.

धाकटी असलीस तरी दादावर लोभ ठेवावास.

अंगद

•

वाटूर,
ता. २ जून २०२५

चि. तृप्तीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

लई वर्षांनी लिहून राह्यले. शाळा चौथीपुरतीच झाली, सांभाळून वाच. संघपालची सही झाली म्हणं, त्याची आई पेढे घेऊन आल्ती. बाई मोठी सरळ हाय. अंगदलाबी ठेवून घेतलं, पर इथून पुढं तुझ्या हाताखाली, असं तो म्हणला. त्याच्यापायी घुम्यावानी बसून व्हता. आज मंग बॅग भरून हिंगोलीला गेला, कोणता तरी पोरगा बघायला. जाताना म्हणला, तुमच्या बाईसाहेबांना कळवा निघालो म्हणून. अजून जळतो. जळू दे, दोन घास जेवायला लागला म्हंजे झालं.

तू लिहिलं ते मी ऐकलं. त्याला मी नावं ठेवायची, हे खरं हाय. त्याचं गुणगान गायला सारं वाटूर व्हतं, म्हणून ठेवायची. तुझं कोण करणार व्हतं? आजी म्हणायची, पोरीच्या जातीला गणित कशाला पायजे. आत्या म्हणायची, पोरांच्या खेळात उभी राहती, हिला कोण करून घेणार. समद्यांनी मिळून तुला एवढी नावं ठेवली व्हती, मला ठेवायला जागाच न्हवती. मंग मी चांगलं बोलायची. मोठ्यानं बोलायची, त्यांना ऐकू जावं असं.

आन् बोलले की माझाच जीव धसकायचा. तू शाळेत गेलीस की तुझा फ्रॉक मांडीवर घ्यायची, त्याच्यावरून मीठ-मिरच्या उतरायची आन् चुलीत टाकायची. कितींदा तर मिरच्यांचा ठसकाच उठायचा न्हाई. म्हंजे दृष्ट लागलेलीच असायची. तू घरी न्हवतीस, तुला काय ठावं!

आता तू मोठ्या लोकांत बसती. तिथं कोणी तुला चांगलं म्हणलं, की मला फोन करत जा. कोण म्हणलं ते न्हाई सांगितलं तरी चालंल. मी इथून काढते.

तुझी आई,
द्वारकाबाई