ग्रहणाचा दोष नव्हता

देवळी,
२० मार्च २०२६

प्रिय हर्षा,

तू आणि छकुली बऱ्या असाल. फोन केला की तुझी आई उचलते, 'झोपली' म्हणते. म्हणून पत्र लिहितोय. हरभरा काढून झाला. तुझ्या नणंदेचं, सपनाचं लग्न मे महिन्यात ठरलं. छकुलीच्या पाठीचे टाके सुकले का? पाय हलवते का थोडे?

काल जयवंताकाकू घरी आल्या होत्या. आईनं पुन्हा तेच काढलं. "ग्रहणात भाजी चिरत बसली, मी सांगतलं होतं तिले." सोनोग्राफीत बाळाच्या पाठीवर गाठ दिसली, तेव्हापासून ती हेच बोलत आली. तू रडायचीस आणि मी उठून दुकानात जायचो.

काल गेलो नाही.

लग्नानंतर तुला ताप आला होता, आपण वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी आजपासूनच रोज सुरू करा. बाहेर आल्यावर तू मेडिकलकडे वळलीस. मी हसलो. "अजून दिवस नाई गेले अन् गोळ्या कायच्या?" तू परत फिरून गाडीवर बसलीस. पुढे दवाखान्यात नाव घातलं, गोळ्या मिळाल्या, तेव्हा तिसरा महिना लागला होता.

छकुलीच्या ऑपरेशननंतर मी डॉक्टरीणबाईंना एकटाच भेटलो. तुला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, बाळाचा कणा पहिल्याच महिन्यात जुळतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. ग्रहण लागलं तेव्हा तुला चौथा महिना होता. गोळ्या आधीपासून घेतल्या असत्या तर? मी विचारलं. "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण धोका बराच कमी झाला असता."

हे ठाऊक असूनही मी आईला बोलू दिलं. ग्रहणावर गेलं की माझ्यावर येत नव्हतं.

काल काकूंसमोरच सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मी तिले इतकं बोलली, तवा तू चूप काऊन होता?"

आज सकाळी तिनंच मला हाक मारली. "सपनाले लग्नाच्या आधीच त्या डॉक्टरीणबाईकडे नेजो." मी नेणार आहे. पण हर्षा, फार लाज वाटली. आपल्या घराला शहाणपण आलं ते तुझ्या आणि छकुलीच्या जिवावर.

पुढच्या बाळाचं मी बोलणार नाही. एवढंच कळवतो की तसं कधी तुझ्या मनात आलं तर आधीच डॉक्टरीणबाईंना भेटायचं, आपल्याला जास्त ताकदीची गोळी लागेल म्हणाल्या.

रविवारी केळझरला येतोय. तुझ्या आईबाबांसमोर हेच बोलेन. नंतर तू थांब म्हणालीस तर थांबेन, जा म्हणालीस तर छकुलीला लांबूनच पाहून निघेन.

तोंड उघडायला उशीर केलेला,
प्रफुल