छोट्या टेबलावरची मुलगी

माय, काल ते बक्षिसाचं पुस्तक मी पुन्हा वाचलं आणि मला किळस आली. शिवणकामात पहिली आले म्हणून सिस्टरने मला दिलं होतं, निळ्या कापडाच्या बांधणीचं. अमेरिकेतल्या अमिश नावाच्या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथाची गोष्ट. साधे कपडे, डोक्याला पांढरी टोपी, घोड्याची गाडी, दागिना नाही की आरसा नाही, आणि त्यातली एक मुलगी बाहेरच्या माणसावर जीव लावते. पानापानावर ऊन पावाचा वास, गोधड्या, मुरंबे. लहानपणी मला त्याची भूक लागायची. काल मात्र जुन्या पाकाच्या बरणीत बोट बुडावं तसं वाटलं. वाचून झाल्यावर मी खरोखर हात धुतले.

तुला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात, तू सिस्टर लोकांच्या जेवणाचं आटपून आपल्यापुरत्या भाकरी थापत असायचीस तेव्हा, पाटावर बसून तुला ते मराठीत सांगायचे. टोपीतल्या बाईचं चित्र पाहून तू म्हणाली होतीस, "ह्या तर सिस्टरच की गं! अन् सिस्टरला नवरा?" मी हसून लोळले होते. मग तुलाच गोडी लागली. "मंग? पुढं काय झालं? जल्दी सांग, भाकर करपून राह्यली." करपायची ती माझ्यामुळे नाही, तुझा हातच थांबायचा म्हणून.

त्याच वर्षी तुझ्या थोरलीने, अक्काने, लग्न केलं होतं. बदनापूरच्या स्टेशनावर कामाला असलेल्या धनगराच्या मुलाशी, चर्चबाहेर. फादरने वेदीवरून सांगितलं, की तिच्याबरोबर कुणी एका ताटाला, एका पाण्याला बसायचं नाही. आपल्या वस्तीतल्या सगळ्या घरांनी मान हलवली. त्याच्या घरच्यांनीही त्याला दार बंद केलं होतं, म्हणजे त्या दोघांना बसायला कुठेच जागा नव्हती. तू अक्काचं नाव घेणं सोडलंस. तिची जेवणाची पितळी तू घासून फळीवर उपडी ठेवलीस, ती तशीच राहिली.

आणि मी वाचत होते तेही नेमकं तेच. पुस्तकातल्या मुलीला पंथाने वाळीत टाकलेलं असतं. घरात राहू देतात, पण जेवायला तिचं छोटं टेबल वेगळं. मोठ्या टेबलापासून वीतभर फट सोडून लावलेलं, आणि दोन्हींवर एकच चादर, फट दिसू नये म्हणून. तू विचारलंस, "अन् तिची माय?" मी सांगितलं, तिची माय आपलं ताट उचलते, पंथाच्या धर्मगुरूसकट सगळ्यांदेखत उठते आणि मुलीच्या टेबलाशी जाऊन बसते.

तुझे पिठाचे हात परातीत तसेच थांबले. "उठली? मोठ्या फादरच्या म्होरं?"

"हो, माय."

"मायच उठती, बाई. दुसरं कुणी न्हाई उठत." मनगटाने डोळे पुसताना तुझ्या गालाला पीठ लागलं. दुपारी नळावर तू साऱ्या बायांना ती गोष्ट सांगितलीस. त्याही रडल्या.

मला वाटलं होतं, आता बराबर होईल.

त्यानंतरच्याच रविवारी अक्का आली. चर्चमधला मिसा नुकताच संपलाय, तू घरी मटण केलंय, दारं सगळी उघडी आहेत. अक्काला पाचवा महिना. उन्हात स्टेशनावरून चालत आलीय, पदराने वारा घेतेय आणि हसून म्हणतेय, "माय, पाणी दे आधी. मंग शिव्या दे."

तू तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी गेलीस. "ओंजळ कर."

"ओंजळ?" अक्काला गंमत वाटली. "पेला न्हाई का घरात? मी काय गावकुसाबाहेरची हाय?"

"फादरचं बोलणं हाय. हात म्होरं कर."

तिने केले. तू वरून धार सोडलीस. ती प्यायली नाही, नुसती बघत राहिली. पाणी बोटांमधून तिच्या पायांवर गळत होतं. मग तू पळसाच्या पानावर भाकरी आणि मटणाच्या दोन फोडी वाढून, वाकून पायरीवर ठेवल्यास, आणि हात मागे घेतलास. शेजारच्या दारांतून लोक बघत होते आणि तुझी मान ताठ होती.

शहागडला तुझ्या बापाला पाटलाच्या दारात पाणी कसं देत, हे तूच आम्हाला सांगितलं होतंस. वरून, ओंजळीत, अंगावर शिंतोडा उडू नये इतक्या लांबून. त्याच पायी त्याने येशूला धरलं, असं तू सांगायचीस, आणि सांगताना तुझा आवाज कापायचा. अक्का ते पान न उचलताच म्हणाली, "तुह्या बापाला असंच वाढायचे ना गं?"

"जा बाई. गाडी चुकंल," तू म्हणालीस.

ती गेली, परत आली नाही. तिला मुलगी झाली हे आपल्याला बाजारात कळलं.

हे सगळं मी तुला माफ केलं असतं, माय. चुलीवरची नोकरी जाईल, माझी शाळा सुटेल, ही भीती खरी होती. पण दुसऱ्याच दिवशी तू पीठ मळायला घेतलंस आणि म्हणालीस, "हं, वाच. त्या पोरीचं लगन लागलं का न्हाई?" तुझे डोळे आधीच ओलावले होते. मला उलटी आली. तू म्हणालीस, काल मटण जड गेलं असंल.

तिचं लग्न लागतं. तो बाहेरचा माणूस दाढी वाढवतो, काळी टोपी घालतो, त्यांची भाषा शिकतो, मग मुलीला मोठ्या टेबलावर जागा मिळते आणि सगळे भजन म्हणतात. त्याला अख्खं गिळल्यावरच त्यांची माया सुरू होते. तुला तो शेवट फार आवडला होता.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. निळ्या पुस्तकात, त्या टेबलाच्या पानावर ठेवून देईन. त्या पानावर मुलीची आई उठत नाही, माय. ती खाली मान घालून पावाची टोपली पुढे सरकवते, एवढंच लिहिलंय. उठणारी माय मी तुझ्यासाठी रचली होती. आणि त्या रविवारी, तू उंबऱ्याशी धार सोडत होतीस तेव्हा, आत माझ्यापुढे ताट वाढलेलं होतं. मी उठले नाही. मी जेवत होते.