दगडाच्या भोकातला

सोमवार, ३ फेब्रुवारी
पेटी आली. काचेची, माझ्या पलंगाएवढी लांब. आत खारं पाणी, समुद्रातला दगड, चार गोगलगाई आणि दोन नारिंगी मासे. मुलगा म्हणाला, "आई, तुला सोबत." हो तर. सोबत माझी, हौस त्याची, आणि अर्धी खोली गेली ती माझी. दगडातून आपोआप बारीक जीव निघतात म्हणे. "काय दिसतं ते बघून ठेव, मी नावं शोधतो." चौथी शिकलेल्या बाईला चष्मा लावून कामाला बसवलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी
काचेवर पांढरे तीळ — तीळ चालतात! एक चांदणी, नखाएवढी, एक पाय कमी. दगडातून एक झाडू डोकावतो, मी खोकले की आत. थोरल्या नणंदेची आठवण झाली. मुलाने मोबाईलवरून नावं सांगितली. जिभेवर बसत नाहीत. माझीच बरी.

बुधवार, १२ फेब्रुवारी
एक मासा नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
"तू दोनदा खाणं घातलंस का?" मी त्या डब्याला हातही लावत नाही. "आठव जरा." न घातलेलं काय आठवू? मुलगा सुनेकडे बघून हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
चोर सापडला! सकाळी, पेटीचा दिवा लागायच्या आधी. दगडाच्या भोकातून दोन डोळे, काड्यांवर बसवलेले. एक इकडे बघतो, एक तिकडे. हात छातीशी दुमडून, मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखा. गोगलगाय जवळ आली — टक्! शंखाचे तुकडे.

मुलाला हाक मारली, तोवर हा आत. "आई, असलं काही नसतं."

खाली चित्र काढलं आहे. डोळे जमलेत, पाय जरा जास्त झाले.

गुरुवार, २० फेब्रुवारी
दुसरा मासाही गेला. तोही मीच मारला म्हणे. संध्याकाळी मुलीचा फोन. "आई, दादा म्हणतो तुला भास होतात." म्हणजे तिकडेही पोचलं.

हाच दादा सहा वर्षांचा असताना पलंगाखाली कोणीतरी आहे म्हणून रडायचा. मी रोज वाकून बघायचे. एकदाही म्हटलं नाही की तुला भास होतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी
मुलाने डॉक्टरकडे नेलं. आज वार कोणता? सांगितला. मग मुलानेच सुरू केलं — मासे, खाणं, काड्यांवरचे डोळे. डॉक्टरने सगळं लिहून घेतलं. शुक्रवारी चिठ्ठी देणार, हिला घरी एकटं ठेवू नका अशी. चिठ्ठी आली की मी म्हाताऱ्यांच्या त्या घरात. जागा बघूनही झाली आहे. "तिथे बाग आहे, आई." बागेत काय मला पुरायचंय? दुपारी सून माझ्या खोलीची मापं घेत होती. विचारलं तर म्हणे, पडदे.

बुधवार, २६ फेब्रुवारी
घरात कोणी नव्हतं. पेटीवर दुकानाचा नंबर चिकटवलेला आहे, तो फिरवला. दुकानदार आला, बादली घेऊन. मी वहीतलं चित्र दाखवलं, बाकीचं हाताने झाकून.

"आजी, हा झिंग्याच्या जातीतला. ठोसा मारून शंख फोडतो. मासेही खातो." मग म्हणाला, "ह्या पानाचा फोटो तर तुमच्या मुलाने मला गेल्या आठवड्यात दाखवला. मंगळवारी. मी म्हटलं, येऊन काढून देतो. ते म्हणाले, सध्या राहू दे."

मंगळवारी. म्हणजे डॉक्टरच्याही आधी.

ही वही माझ्या उशीखाली असते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
प्राणी कालच काढून नेला. दुकानदाराकडे बरणीत आहे. उद्या तो बरणी घेऊन थेट दवाखान्यात येणार.

वही आज उशीवर ठेवते आहे, उघडी. वाच, बाळा.